अन्य शंका : नाहीत

३ फेब्रुवारी

प्रिय खडू,

एक कोडे घालते. माणूस कामासाठी भेटायला येतो, खुर्चीत बसतो, पंधरा मिनिटे बोलतो. ज्यासाठी आलो असे त्याने सांगितले, ते सगळे बोलून संपते. मग तो उठतो, पिशवी खांद्याला लावतो, दारापर्यंत जातो, कडीवर हात ठेवतो आणि वळून म्हणतो, "अजून एक होतं." जे सांगायला तो मुळात आला होता, ते तो तेव्हा सांगतो. डॉक्टरांकडे हेच, बँकेत हेच. फोनवर "ठेवते हं" म्हटल्यावर खरा फोन सुरू होतो. आपल्या आईचे तर सगळे महत्त्वाचे फोन "ठेवते" नंतरचे असत. असे का होते?

माझ्याकडे उत्तर नाही. उत्तर हाताशी नसताना मी लिहायला बसले आहे याची नोंद घे. असे माझ्या हातून क्वचित घडते.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. पहिली, तुझा पत्ता मावशीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, तिने दोनदा नाही म्हटले आणि तिसऱ्यांदा दिला. दुसरी, गेली सहा वर्षे तू माझ्याशी बोलत नाहीस, त्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र कोड्याचे आहे.

आमच्या विद्यार्थी सल्ला कक्षात एक यंत्र आले आहे. माझे काम तुला माहीत आहेच. कोणी दोन विषयांत मागे पडलेले असते, कोणाला शाखा बदलायची असते, कोणी सत्राच्या मध्येच सगळे सोडून जायच्या बेतात असते. अशांना पंधरा मिनिटे भेटायचे, गुण पाहायचे, नियम सांगायचे, एक मार्ग सुचवायचा आणि नोंद करायची. सल्लागार आम्ही चार आणि विद्यार्थी अकरा हजार; भागाकार तू कर. म्हणून विद्यापीठाने स्वतः मजकूर रचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. विद्यार्थी पडद्यावर तिच्याशी हवे तेव्हा बोलू शकतो, आणि तो आमच्यापुढे येण्याआधी ती त्याची फाइल वाचून आम्हाला सल्ल्याचा मसुदा करून देते. कागदोपत्री तिचे नाव 'सल्ला-सहायक' असे आहे. कक्षात मात्र सगळे 'जावईबापू' म्हणतात, कारण कोडकौतुक फार, त्यांच्यासाठी नवे टेबल आणि नवा पंखा, आणि त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढला की कुलसचिवांचा चेहरा उतरतो.

हे चालते कसे, ते तू विचारलेले नाहीस, तरी सांगते. जगभरचा मजकूर त्यांनी आधीच वाचलेला असतो. त्यावर आमच्या कक्षाच्या एक्केचाळीस हजार जुन्या नोंदी त्यांना वाचायला दिल्या. वाचताना ते एकच खेळ खेळतात: इथवरचे शब्द पाहून पुढचा शब्द कोणता असेल? चुकले की स्वतःला किंचित दुरुस्त करायचे आणि पुन्हा खेळायचे, असे लाखो वेळा. हा खेळ आपण दोघेही खेळलो आहोत. तू पाच वर्षांचा होतास, माझ्या पेटीतले खडू चोरून खायचास. मी "खडू, आधी" एवढेच म्हणायचे आणि तू "हात धुऊन ये" असे माझे वाक्य पुरे करायचास. हात मात्र धुवायचा नाहीस. वाक्य पुरे करता येणे निराळे आणि ते अंगवळणी पडणे निराळे, हे मला त्या मोरीपाशीच कळले होते.

मला कुतूहल एका गोष्टीचे आहे. माझ्या खोलीला दार आहे. पडद्यावरच्या त्या गप्पांना दार नाही. मग तिथे मुले मुख्य गोष्ट कधी सांगत असतील? दोनशे संभाषणे, नावे काढून, वाचायची परवानगी मागितली आहे.

ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय खडू,

तुझे उत्तर नाही. ते मी धरूनच चालले होते, तरी पोस्टमन आला की खिडकीशी जाते, हेही नोंदवते.

मोजणी सुरू आहे. पण मध्येच एक विलक्षण वस्तू हाती लागली.

दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे. मनगटावर तिच्या मनगटाला न शोभणारे मोठे घड्याळ बांधते. तिला आपण घड्याळवाली म्हणू. रसायनशास्त्र घेतले आहे, हुशार आहे, पण दोन विषयांत दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा झाली तर नियमानुसार शाखेतून नाव जाते. त्याआधी आपणहून शाखा बदलायची असेल तर अर्जाची शेवटची तारीख ३१ मार्च. तिची माझी भेट पुढच्या महिन्यात आहे. जावईबापूंनी मसुदा आत्ताच पाठवून दिला. काय सुबक होता म्हणून सांगू! तीन परिच्छेद, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. निष्कर्ष असा, की मुलीने शाखा बदलावी. आणि खाली, आमच्या फॉर्मच्या शिरस्त्याप्रमाणे, शेवटची ओळ:

'अन्य शंका : नाहीत.'

मी ती ओळ दोनदा वाचली. मुलगी अजून आलेली नाही, बसलेली नाही, बोललेली नाही. तिला शंका नाहीत हे यांना कोणी सांगितले?

संगणक विभागाच्या बाईंना बोलावले. पन्नाशीच्या आहेत, गळ्यात मंगळसूत्र नसले तरी एखादी वायर असतेच, म्हणून त्यांना वायरबाई म्हणतात. त्यांच्या तोंडावरही म्हणतात.

"अहो, हे बघा. भविष्य सांगायला लागलेत."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "भविष्य कसलं? हे तुमचंच आहे की."

"माझं?"

"तुमचं म्हणजे तुम्हा चौघांचं. एक्केचाळीस हजार नोंदी दिल्यात ना तुम्ही? त्यातल्या चाळीस हजार नऊशे बासष्ट नोंदींत शेवटी 'नाहीत' आहे. मग त्या बिचाऱ्यानं वेगळं काय लिहायचं? जसं पाहिलं तसं केलं."

"आणि उरलेल्या अडतीस?"

"त्या कोऱ्या आहेत. लिहायचं विसरलात तुम्ही."

मी हसले. मग त्या गेल्या आणि माझे हसू जागच्या जागी थिजले. कारण हे कसे घडले ते मला पक्के ठाऊक होते.

विद्यार्थ्याने उठण्याआधी सही करायची असते, म्हणजे फॉर्म त्याआधी पूर्ण हवा. पंधरा मिनिटांतले एक मिनिट त्या शेवटच्या ओळीत जाई. म्हणून मी फार वर्षांपूर्वी एक युक्ती काढली. सकाळी चहा घेताना दिवसभराचे वीस फॉर्म पुढ्यात घ्यायचे आणि सगळ्यांच्या तळाशी 'नाहीत' लिहून ठेवायचे. दिवसाला वीस मिनिटे वाचतात! नव्या सल्लागारांना ती मीच शिकवली, आणि शिकवताना मला अभिमान वाटत असे. आता आकृती डोळ्यांपुढे आण: आधी 'नाहीत', मग भेट, मग सही, मग माणूस उठतो, मग दार, आणि दारात तो बोलतो. म्हणजे मुख्य गोष्ट नेहमी कागद मिटल्यानंतर. एक्केचाळीस हजार भेटी झाल्या, आणि दारातले एकही वाक्य त्यांत नाही. जावईबापूंना आमचे सगळे ठाऊक आहे. फक्त दारातले नाही.

खडू, हे मला इतके रंजक वाटले की मी ते कोणाला तरी सांगायला घरभर फिरले. घरात कोणी नव्हते. म्हणून हे पत्र.

ताई


६ मार्च

प्रिय खडू,

तुझे कार्ड आले. मागेपुढे पाहिले, एकच ओळ: 'ताई, पत्रं पाठवू नकोस असं नाही. पण समजावून सांगू नकोस.'

अक्षर अजून उजवीकडे चढते. कार्ड शिधापत्रिकेच्या पाकिटात ठेवले आहे, म्हणजे हरवणार नाही. समजावून न सांगण्याचा प्रयत्न करते. तो कितपत साधेल हे पुढच्या परिच्छेदातच कळेल.

दोनशे संभाषणे वाचून झाली. माझा अंदाज सपशेल चुकला, आणि अंदाज चुकण्यासारखी मौज नाही! मला वाटले होते, दार नाही म्हणजे मुले मुख्य गोष्ट कधीच सांगत नसणार. प्रत्यक्षात दोनशेपैकी एकोणसाठ जणांनी ती पहिल्याच वाक्यात सांगून टाकली होती. एकाचे पहिले वाक्य: 'मला इथे यायचंच नव्हतं, बाबांना हवं होतं, आता सांगा कोणता विषय घेऊ.' एकीने विचारले, 'तुम्ही माणूस नाही ना? मग ठीक आहे,' आणि पुढे दीड पान. माझ्यासमोर बावीस वर्षांत पहिल्या वाक्यात असे कोणी बोललेले नाही. मी दोन दिवस विचार केला. पडद्यावरच्या गप्पांना दार नसते हे माझे गृहीतकच खोटे होते. तिथे माणूस पहिल्या क्षणापासून दारातच उभा असतो. बोट दाबले की बाहेर.

जावईबापू मग काय करतात? दोन सेकंदांत उत्तर देतात. सौम्य, व्यवस्थित, मुद्देसूद, नियमांच्या क्रमांकांसह. ज्याने 'बाबांना हवं होतं' असे लिहिले त्याला चार ऐच्छिक विषयांची तुलना मिळाली. तो 'थँक्यू' म्हणून गेला.

मी वायरबाईंना गाठले. "यांना जरा थांबायला शिकवता येईल का? म्हणजे लगेच उत्तर न देता?"

"किती थांबायचं?"

"दहा सेकंद."

"बाई, दहा सेकंद गप्प राहिला तर पोरांना वाटेल बंद पडला. तक्रारी माझ्याकडे येतील. आणि एक सांगू का? विचारलं की बोलणार, हाच त्याचा जन्म. गप्प बसायचं काम तुमचं."

"मला तरी कुठे जमतं?"

"ते सगळ्या विद्यापीठाला माहीत आहे," वायरबाई म्हणाल्या आणि वायर गुंडाळू लागल्या.

यानंतर मी जे केले ते मला सांगायचे नव्हते, पण आता अर्धे सांगून झाले आहे. आमच्या कक्षातली तुझी जुनी फाइल मी जावईबापूंपुढे ठेवली. मला तसा अधिकार आहे; योग्य होते का, ते वेगळे. विचारले, या विद्यार्थ्याने शिक्षण का सोडले? दोन सेकंद. उत्तर जसेच्या तसे उतरवते:

'उपलब्ध नोंदींनुसार विद्यार्थ्याला वेळेवर आणि योग्य मार्गदर्शन मिळाले होते. सुचवलेला शाखाबदल त्याने स्वेच्छेने स्वीकारला. त्याला अन्य शंका नव्हत्या. शिक्षण सोडण्यामागे वैयक्तिक कारणे असावीत.'

ते मी छापून घेतले. दोन दिवस पर्समध्ये बाळगले. लिफ्टची वाट पाहताना काढून वाचले, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत वाचले. इतके नीटनेटके निर्दोषत्व मला आजवर कोणी दिले नव्हते; मावशीनेही नाही. तिसऱ्या दिवशी, कपड्यांच्या घड्या घालताना, लक्षात आले की त्यातले प्रत्येक वाक्य माझेच आहे. 'योग्य मार्गदर्शन' मी लिहिले होते, 'स्वेच्छेने' मी लिहिले होते, आणि 'नाहीत' तर मी त्या दिवशी सकाळीच, चहा पिताना, तू घरातून निघण्याआधी लिहिले होते. आरोपीने स्वतःच लिहिलेला पंचनामा वाचून निकाल लागला होता.

तू दाराशी वळून काही म्हणाला होतास का, ते मला आठवत नाही.

ताई


१५ मार्च

प्रिय खडू,

घड्याळवाली आली होती.

तिच्या फॉर्मची शेवटची ओळ मी कोरी ठेवली. स्वतःला तीन सूचना दिल्या: ती उठली तरी आपण उठायचे नाही, फाइल मिटायची नाही आणि तोंड उघडायचे नाही. मनात दहापर्यंत मोजायचे. विज्ञान शिकलेल्या बाईने स्वतःवर करायला हा सोपा प्रयोग.

मसुद्यातला सल्ला मी तिला वाचून दाखवला.

"चालेल मॅडम."

"नक्की?"

"हो. सगळे तसंच म्हणतात ना. घरी पण तेच म्हणतात."

"सही नंतर कर. आधी घरी जाऊन विचार कर."

"नको मॅडम, आत्ताच करते. परत यायला नको." तिने सही केली, पिशवी उचलली, खुर्ची आवाज न करता आत सारली. दाराशी गेली. मी मोजू लागले. तीनवर तिने कडी धरली. पाचवर घड्याळात पाहिले. सातवर वळली.

"मॅडम, शाखा बदलली की बॅचपण बदलते ना?"

"बदलते."

"मग झालं." पण गेली नाही. बॅचबदलाचा नियम, त्याचा पोटनियम आणि अपवाद माझ्या जिभेवर येऊन बसले होते. गिळले. पुन्हा एकपासून मोजायला लागले.

"म्हणजे ना, गुरुवारी प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर जो मुलगा आहे, तो माझ्याशी बोलत नाही. पहिल्या वर्षी मी त्याला नाही म्हटलं होतं. उपकरण दोघांत एकच असतं. तो सगळं करतो आणि मी बघते. हात लावायला गेले की बाजूला ओढतो. वहीत मग काय लिहिणार?"

"हे कुणाला सांगितलं नाहीस?"

"यात सांगण्यासारखं काय आहे? हसतील सगळे. एवढ्यासाठी नापास होतं का कुणी?"

"रसायनशास्त्र आवडतं तुला?"

तिने माझ्याकडे असे पाहिले की मीच काहीतरी खुळ्यासारखे विचारले असावे. "आवडतं म्हणजे? मॅडम, मी घरी आईच्या हळदीच्या डब्यावर प्रयोग करते. आईनं डब्याला कुलूप लावलंय."

मी तिला पुन्हा बसवले. मग जावईबापूंना एवढेच विचारले: या दोन विषयांत सारखे काय आहे? ते क्षणात म्हणाले, दोन्ही विषयांची प्रात्यक्षिके गुरुवारी, एकाच बॅचमध्ये, एकाच टेबलावर होतात. दोन्हींच्या लेखी परीक्षेत विद्यार्थिनीला प्रथम श्रेणीचे गुण आहेत, नापास आहे ती फक्त प्रात्यक्षिकांत. ही सगळी माहिती त्यांच्याजवळ पहिल्या दिवसापासून होती! त्यांना दोष देता येत नाही. काय विचारायचे, ते दारातून यावे लागले. सही केलेला फॉर्म तिने स्वतः फाडला. बॅच बदलायला चार ओळींचा अर्ज पुरतो; तिने तिथेच लिहिला, मंगळवारची बॅच मागितली आणि जाताना म्हणाली, "तुम्ही एवढ्या गप्प का होतात मॅडम? बरं नाही का?"

आता दुसरे. मागच्या पत्रात 'आठवत नाही' असे लिहिले, ते खोटे होते.

तू माझ्या कक्षात आलास तो मंगळवार होता. नातलगाची फाइल दुसऱ्या सल्लागाराकडे द्यावी असा नियम आहे. मी दिली नाही. मला वाटे, मी तटस्थ राहू शकते. आणि तटस्थ राहण्यासाठी मी काय युक्ती केली ते तू विसरला नसशील. मी तुला 'तुम्ही' म्हटले. "बसा. तुमचे दोन विषय राहिले आहेत." तू आधी हसलास, मग मागे वळून पाहिलेस, तुझ्यापाठोपाठ आणखी कोणी आले आहे की काय म्हणून. घरी मी तुझे बोलणे पुरे होऊ देत नसे, म्हणून तू रीतसर वेळ घेऊन, रांगेत बसून, माझ्या कार्यालयात आला होतास. पंधरा मिनिटांपैकी बारा मी बोलले. तू "बरं" म्हणालास आणि सही केलीस.

दाराशी जाऊन तू वळलास आणि म्हणालास, "ताई, हेही नाही जमलं तर मी घरी येऊ ना?"

बाहेर तीन जण खोळंबले होते. मी तुझी फाइल मिटत म्हटले, "तो प्रश्न या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही."

तो विनोद होता, खडू. मला तो त्या क्षणी फार चांगला विनोद वाटला. संध्याकाळी आपण दोघे त्यावर हसू असे मी धरून चालले. संध्याकाळी तू काही विचारले नाहीस, आणि मी विचारले ते "अर्ज दिलास का?" पुढे वसतिगृहात गेलास. चार महिन्यांत नवी शाखाही जमली नाही, आणि तू घरी आला नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरले की हा साधे कळवतही नाही. आई गेल्यानंतर ते घर मला कधी फक्त माझे वाटले नाही, म्हणून तुलाही तसेच वाटत असेल असे मी गृहीत धरले होते. ते गृहीतक मी तपासले नाही. तू मात्र विचारून तपासलेस, आणि तुला उत्तर मिळाले.

या पत्रात समजावून सांगण्यासारखे काही उरले नाही.

ताई


२ एप्रिल

प्रिय खडू,

कार्ड मिळाले. 'चार नाही, सात महिने. तीन मी लपवले. मावशीला माहीत होतं.' दुरुस्ती नोंदवली. मावशीशी मी स्वतंत्रपणे बोलणार आहे, आणि ती मला गप्प करणार आहे.

इकडचे थोडक्यात सांगते. फॉर्मवरची ती ओळ गेली. आता विद्यार्थी खोलीबाहेर पडल्यावरच नोंद लिहायची, आणि तिच्यात शेवटी नवी जागा आहे: 'उठल्यावर काय म्हणाले'. विद्यार्थ्याची हरकत नसेल तरच ती भरायची. जावईबापूंना वायरबाईंनी बजावले आहे की ही एक ओळ त्यांनी कोरी ठेवायची. बाकी मसुदा, नियम, तारखा, 'यांत सारखे काय' हे शोधणे, सगळे त्यांचे, आणि त्यात ते माझ्यापेक्षा दसपट हुशार आहेत. पडद्यावर कोणी पहिल्याच वाक्यात मनातले बोलले, तर विषयांची यादी देण्याआधी ते आता विचारतात, 'हे एखाद्या सल्लागाराला प्रत्यक्ष सांगायला आवडेल का?' पहिल्या पंधरवड्यात अकरा जण हो म्हणाले.

कुलसचिवांनी विचारले, "बाई, याने प्रत्येक भेटीमागे किती वेळ वाढला?"

"सरासरी दीड मिनिट, सर."

"आणि तेवढ्यात तुम्ही काय करता?"

"काही नाही, सर."

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना वाटले असावे, मी आणखी काहीतरी सांगेन.

कोड्याचे उत्तर मला वाटते ते असे. ज्या प्रश्नाच्या उत्तराची भीती वाटते, तो माणूस अशा जागी उभा राहून विचारतो, जिथून लगेच निघून जाता येते. त्याला खुर्चीत बसवून काही उपयोग नाही. आपण दारापर्यंतची वाट मोकळी ठेवायची आणि घाई करायची नाही, एवढेच हातात असते. घड्याळवाली परवा पुन्हा आली होती. मंगळवारच्या बॅचमध्ये तिच्या हातून एक परीक्षानळी फुटली, ते सांगायला. इतकी खूश होती.

तू दारात उभा राहून जे विचारले होतेस, त्याचे उत्तर 'हो' आहे. तेव्हाही 'हो'च होते.

शेवटी एक सोपा प्रयोग देते. करून बघ, कोणावरही करता येतो. तुझ्याकडे कोणी आले आणि निघायला उठले, तर तू उठू नकोस, "बरं, भेटू" म्हणू नकोस, मदतीला धावू नकोस. मनात दहापर्यंत मोज. माझ्या नोंदींप्रमाणे बहुतेक माणसे सातच्या आत वळतात. फोनवर तर हा प्रयोग आणखी सोपा आहे. घरचा नंबर तोच आहे, फोनही त्याच कोनाड्यात आहे. तू कर. कामाचे बोल, जेवणाखाण्याचे बोल, नाहीतर कशाचेच बोलू नकोस. मी काहीही समजावून सांगणार नाही. मग तू "ठेवतो" म्हणशील, तेव्हा ऐकत राहा.

मी ठेवलेला नसेल. मी मोजत असेन.

ताई